तारांकित रकाने

विधिमंडळाच्या कामकाजात ‘तारांकित प्रश्न’ हा एक मोलाचा प्रकार आहे. सदस्याच्या प्रश्नापुढे तारा असला, की मंत्र्याला सभागृहात उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्या उत्तरावर उपप्रश्नही विचारता येतात. एवढीशी खूण शासनाला उत्तरदायी ठेवते. गेल्या दोन दशकांत मात्र हाच तारा निराळ्या जागी दिसू लागला आहे. शासनाच्या कोणत्याही संकेतस्थळावरील अर्ज उघडून पाहावा; काही रकान्यांपुढे लाल रंगाचा तारा असतो. तो रकाना भरल्याखेरीज पुढचे पान उघडत नाही. येथे उत्तर द्यायचे असते ते नागरिकाने, आणि उपप्रश्न विचारण्याची सोय कोणालाच नसते.

प्रस्तुत लेखाचा विषय हा लाल तारा आहे, आणि त्यातही परवडणाऱ्या घरांसाठी भरावयाच्या अर्जातील तारा. माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. सक्तीचा रकाना हा व्यवहारात नियम असतो. नियम करण्याचा अधिकार विधिमंडळाचा आणि त्याने आखून दिलेल्या मर्यादेत शासनाचा. परंतु घरकुलाच्या अर्जातील कोणता रकाना सक्तीचा असावा हे पुष्कळदा संगणकप्रणाली तयार करणाऱ्या कंत्राटदाराच्या मेजावर ठरते. ते राजपत्रात येत नाही, त्यावर हरकती मागवल्या जात नाहीत, आणि त्यामुळे जो माणूस वगळला जातो त्याच्या हाती नकाराचा कागदसुद्धा पडत नाही. ही गोष्ट लोकशाही प्रशासनात खपवून घेण्याजोगी नाही.

घरकुलाचा विषय मी हेतुपुरस्सर निवडला आहे. दाखला आज नाही मिळाला तर उद्या मिळतो. गरीब कुटुंबाला शासनाच्या साहाय्याने घर मिळण्याची संधी आयुष्यात बहुधा एकदाच येते. प्रधानमंत्री आवास योजनेचा नागरी विभाग २५ जून २०१५ रोजी सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १ कोटी १८ लाख घरे मंजूर झाली. सप्टेंबर २०२४ पासून दुसरा टप्पा सुरू झाला असून पाच वर्षांत आणखी १ कोटी कुटुंबांना साहाय्य करण्याचे उद्दिष्ट आहे. वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असलेला आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, ३ ते ६ लाखांचा अल्प उत्पन्न गट आणि ६ ते ९ लाखांचा मध्यम उत्पन्न गट असे त्याचे वर्ग आहेत. कुटुंबातील कोणाच्याही नावे देशात कोठेही पक्के घर नसावे आणि गेल्या २० वर्षांत अन्य शासकीय योजनेतून घर मिळालेले नसावे, अशा अटी आहेत. या अटी छापील आहेत, जाहीर आहेत, त्यांवर वाद घालता येतो. माझा आक्षेप अटींवर नाही. अट आणि अर्जदार यांच्यामध्ये अर्ज नावाची जी अरुंद वाट आहे, तिच्यावर आहे.

नावाचा रकाना

ही वाट किती अरुंद होऊ शकते हे पाहण्यासाठी कुंभकोणमसारखे दुसरे उत्तम ठिकाण नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकाला या नगराची ओळख वेगळी करून द्यावी लागू नये. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी स्थापन केलेले तंजावरचे मराठी राज्य इंग्रजांनी १८५५ मध्ये खालसा केले. पण त्या राज्याबरोबर कावेरीकाठी आलेली मराठी कुटुंबे तेथेच राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमलाच जन्मले. इंदूरचे दिवाण झालेले रघुनाथराव हेही तेथलेच. ज्या नगराने हिंदुस्थानला इतके नामांकित प्रशासक दिले, त्याचा दाखला प्रशासनावरील लेखात घेणे गैर ठरू नये.

आता माधवरावांचे नाव आजच्या एखाद्या अर्जात भरून पाहू. पहिले नाव, मधले नाव, आडनाव. ‘टी’ हे आडनाव नव्हे. ते तंजावर या गावनावाचे आद्याक्षर. ‘राव’ हेही आडनाव नव्हे; ते नावाचाच आदरार्थी भाग. तमिळनाडूत आडनाव लावण्याची रीत सर्वसाधारणपणे नाही. वडिलांच्या किंवा गावाच्या नावाचे आद्याक्षर नावाला जोडले जाते, आणि तेथील मराठी कुटुंबांनीही ती रीत पिढ्यान्‌पिढ्या स्वीकारली आहे. म्हणजे आडनावाच्या रकान्यापुढे लाल तारा असेल, तर तीन संस्थानांचा कारभार चालवलेला दिवाण पहिल्याच पानावर अडकला असता.

हे विनोदाने घेता येते ते दिवाणांच्या बाबतीत. गरीब अर्जदाराच्या बाबतीत त्याचा अर्थ निराळा होतो. समजा, कुंभकोणमच्या एखाद्या गल्लीत गंगाबाई नावाची एक विधवा राहते. तिच्या आधारपत्रावर आद्याक्षर वडिलांच्या नावाचे आहे, शिधापत्रिकेवर पतीच्या नावाचे. बँकेच्या पासबुकात ते आद्याक्षर नावाच्या शेवटी गेले आहे. त्यातच तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर, आणि प, फ, ब, भ यांनाही एकच. तमिळमध्ये लिहिलेली गंगाबाई रोमन लिपीत परत येते तेव्हा ती ‘कंगापाय’ही होऊ शकते. चार कागदांवर चार नावे. यंत्र सांगते, नाव जुळत नाही. त्या गल्लीशी परिचय असलेल्या कोणत्याही ग्राम प्रशासन अधिकाऱ्याने हा प्रश्न एका मिनिटात आणि एका सहीत सोडवला असता. पण अर्जात त्याच्यासाठी रकाना नाही.

येथे मुख्य मुद्दा लक्षात घ्यावा. या बाईचा अर्ज नामंजूर झालेला नाही. तो दाखलच झालेला नाही. नामंजूर अर्जाची नोंद राहते, त्याला क्रमांक असतो, त्यावर अपील करता येते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४(१)(घ) प्रमाणे बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणे कळवणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांसाठी अर्जाची पोच, नकाराची लेखी कारणे आणि अपिलाचे टप्पे ठरवून दिले आहेत. हे सर्व हक्क ‘निर्णय’ या शब्दापासून सुरू होतात. लाल ताऱ्यापाशी थांबलेल्या माणसाबाबत कोणीही निर्णय घेतलेला नसतो. त्यामुळे त्याला कारण नाही, अपील नाही, आणि वार्षिक अहवालातील आकड्यांत जागाही नाही. त्याला वगळण्याचे काम इतके शांतपणे होते, की वगळणाऱ्यालाही त्याचा पत्ता लागत नाही.

जमिनीचा रकाना

नावाचा गुंता एकवेळ प्रतिज्ञापत्राने सुटेल. जमिनीचा सुटत नाही. ज्याच्याकडे स्वतःची जागा आहे त्याने तीवर घर बांधावे व शासनाने अनुदान द्यावे, हा आवास योजनेतील एक प्रमुख मार्ग आहे. त्यासाठी जमिनीच्या हक्काचा कागद जोडावा लागतो. तमिळनाडूत तो कागद म्हणजे पट्टा, आपल्याकडील सातबाराचे तेथील भावंड.

कुंभकोणम हे देवळांचे आणि मठांचे नगर. तेथे आणि एकंदरच तंजावरच्या त्रिभुज प्रदेशात असंख्य घरे देवस्थानांच्या अथवा मठांच्या जमिनीवर उभी आहेत. घर राहणाऱ्याचे, जमीन देवाची. राहणारा जमिनीचे भाडे देवस्थानाला भरतो. तमिळमध्ये या व्यवस्थेला ‘अडिमनै’ म्हणतात. अडि म्हणजे तळ आणि मनै म्हणजे घराची जागा, असा त्यातला भाव. आजोबांच्या काळापासून भाडे भरत आलेली कुटुंबे या जमिनींवर आहेत. त्यांच्या हाती भाड्याच्या पावत्या आहेत, पट्टा नाही.

१९२१ च्या मद्रास शहर भाडेकरू संरक्षण अधिनियमाने जमीन भाड्याने घेऊन तीवर घर बांधणाऱ्याला काही मर्यादेत ती जमीन विकत घेण्यासाठी न्यायालयाकडे जाण्याचा हक्क दिला होता. पुढे १९९६ च्या दुरुस्तीने धार्मिक संस्थांच्या जमिनी या संरक्षणातून वगळण्यात आल्या आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. देवस्थानाची मालमत्ता बळकावली जाऊ नये, हा त्यामागील हेतू समजण्याजोगा आहे. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच, की हा प्रश्न विधानसभेत आला, त्यावर कायदा झाला, तो न्यायालयात तपासला गेला. दोन्ही बाजूंना आपले म्हणणे मांडता आले.

आता तोच प्रश्न संकेतस्थळावर कसा अवतरतो ते पाहा. ‘स्वतःच्या मालकीची जमीन आहे काय?’ होय किंवा नाही. अडिमनैवर राहणाऱ्या माणसाचे खरे उत्तर या दोहोंपैकी एकही नाही. ‘होय’ म्हणावे तर कागद नाही. ‘नाही’ म्हणावे तर स्वतःच्या जागेवर घर बांधण्याचा मार्ग बंद, आणि त्याची गणना भूमिहीनांत. मग त्याला दूर कोठेतरी बांधलेल्या वसाहतीतील गाळा घ्यावा लागणार, म्हणजे तीन पिढ्यांचा ताबा आणि पायाखालचा उद्योगधंदा सोडावा लागणार. विधानसभा आणि न्यायालय यांना ७५ वर्षांहून अधिक काळ ज्याचा विचार करावा लागला, तो गुंता दोन गोल खुणांत बसवून टाकण्याचा अधिकार कोणाला कोणी दिला?

उपाय नाहीत असे नव्हे. देवस्थानाची ना हरकत, दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे, केवळ छप्पर व भिंती दुरुस्त करण्यासाठी साहाय्य, असे किती तरी मार्ग विचारात घेता येतील. त्यांतील कोणता योग्य हे धोरण ठरवणाऱ्यांनी ठरवावे. पण आपल्यापुढे असा प्रश्न आहे हे त्यांना कळण्यासाठी अर्जात निदान तिसरी खूण हवी: ‘जमीन देवस्थानाची, घर माझे’. ती नसेल तर अशी कुटुंबे किती आहेत याची मोजदादही होणार नाही, आणि ज्याची मोजदाद नाही त्यावर कोणत्याही खात्यात टिपणी सादर होत नाही.

छपराने अर्ज करायचा की शासनाने छप्पर मोजायचे?

कुंभकोणमला छपराचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. १६ जुलै २००४ रोजी तेथील एका खाजगी शाळेत झावळ्यांच्या छपराला आग लागली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर राज्यभरातील शाळांवरील अशी छपरे हटवण्याचे आदेश निघाले. त्यासाठी शासनाने कोणत्याही शाळेकडून तारांकित रकान्यांचा अर्ज मागवला नव्हता. छप्पर कोठे आहे हे बाहेरून दिसते. जाऊन पाहणे हे शासनाचे काम होते.

घरांच्या बाबतीतही हे तत्त्व त्याच राज्याने वापरले आहे. २०१० मध्ये कलैञर गृहनिर्माण योजना आली तेव्हा ग्रामीण भागातील झोपड्यांची घरोघर जाऊन नोंद करण्यात आली. २१ लाख झोपड्यांच्या जागी पक्की घरे बांधण्याचा संकल्प होता. २०११ मध्ये सरकार बदलले आणि ती योजना थांबली, ही आपल्याकडील नेहमीची शोकांतिका. पण केलेली नोंद वाया गेली नाही. २०२४ च्या ‘कलैञर कनवु इल्लम’ योजनेत २०३० पर्यंत ८ लाख झोपड्यांच्या जागी घरे बांधण्याचे ठरले, तेव्हा जुन्या नोंदीचा फेरआढावा लाभार्थी निवडीसाठी उपयोगी पडला. या दोन्ही योजना ग्रामीण आहेत. म्हणजे गावात शासन झोपडीपर्यंत चालत जाते. नगराची सीमा ओलांडली, की झोपडीने शासनाच्या संकेतस्थळापर्यंत यावे अशी अपेक्षा असते. आवास योजनेच्या पहिल्या टप्प्यात नगरपालिकांनी मागणीचे सर्वेक्षण केले होते हे मान्य. दुसऱ्या टप्प्यात नगरपालिकेत किंवा सेवा केंद्रात जाऊन अर्ज करता येतो हेही मान्य. पण तेथेही समोर उघडतो तो तोच पडदा आणि तेच तारे.

कोणी म्हणेल, नगरात लोकसंख्या मोठी, स्थलांतर मोठे, घरोघर जाणे अशक्य. याला उत्तर तमिळनाडूनेच २०२३ मध्ये दिले आहे. कुटुंबातील स्त्रीला दरमहा १००० रुपये देणारी ‘कलैञर मगळिर उरिमै तोगै’ योजना १५ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यासाठी शिधावाटप दुकानांमार्फत अर्ज आणि शिबिराच्या दिवसाची चिठ्ठी घरपोच देण्यात आली. शिबिरात स्वयंसेवकांनी अर्ज भरून घेतले. उत्पन्नाचा दाखला व जमिनीचा कागद जोडण्याची सक्ती नव्हती. वीजवापर, जमीन, आयकर यांची जी माहिती शासनाकडे आधीच होती तिच्याशी शासनानेच अर्ज ताडून पाहिले. सुमारे १ कोटी ६३ लाख अर्ज आले, सुमारे १ कोटी ६ लाख मंजूर झाले. ज्यांचे नामंजूर झाले त्यांना कारण लघुसंदेशाने कळवले गेले आणि ३० दिवसांत महसूल विभागीय अधिकाऱ्याकडे अपील करण्याची मुभा दिली गेली. त्या योजनेच्या राजकारणावर हवी तेवढी टीका करावी. पण अर्ज कसा घ्यावा याचा हा धडा आहे. १००० रुपयांसाठी जे करता येते ते घरासाठी का करता येऊ नये?

महाराष्ट्रातही तेच

हा दोष केवळ परमुलखातील आहे, असा समज आपण करून घेऊ नये. म्हाडाने जानेवारी २०२३ पासून सोडतीची नवी संगणकप्रणाली आणली. पूर्वी सोडत आधी व्हायची, कागदपत्रांची तपासणी नंतर. त्यात वर्षे जात, घरे रिकामी राहत आणि मधल्या काळात दलालांचे फावत असे. नव्या पद्धतीत कागदपत्रे आधी तपासली जातात. उद्देश चांगला आणि एकदा केलेली नोंदणी पुढेही चालते, हीदेखील चांगली गोष्ट. पण त्यातला अधिवासाचा दाखला पाहा. गेल्या २० वर्षांत महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य असावे ही मूळ अट. वास्तव्य ही भूतकाळातील वस्तुस्थिती. ती शिळी होत नाही. तरीही दाखला २०१८ नंतर काढलेला आणि बारकोड असलेला हवा असे ठरले, कारण यंत्राला तेवढेच वाचता येते. जुना, खरा, तहसीलदाराच्या सहीचा दाखला हाती असलेल्या माणसाने पुन्हा रांगेत उभे राहायचे. यंत्राची सोय हीच येथे पात्रतेची अट झाली.

मुंबई मंडळाच्या २०२३ च्या सोडतीत ४,०८२ घरांसाठी सुमारे १ लाख २० हजार अर्ज होते. म्हणजे साधारण ३० जणांनी कागद गोळा करायचे आणि घर एकाला मिळायचे. अमेरिकेतील सान फ्रान्सिस्को नगराने २०१६ पासून परवडणाऱ्या घरांसाठी ‘डाहलिया’ नावाचे संकेतस्थळ चालवले आहे. तेथे सोडतीपूर्वी एक आटोपशीर अर्ज भरला जातो. पुराव्याची कागदपत्रे मागितली जातात ती सोडतीत ज्यांचा क्रमांक लागतो त्यांच्याकडूनच. दोन्ही पद्धतींना आपापले गुणदोष आहेत. परंतु ३० जणांचा त्रास आणि तपासणीतील विलंब यांत तोल कोठे साधायचा, हा धोरणाचा प्रश्न आहे आणि तो लोकांपुढे मांडूनच सोडवला पाहिजे.

लाडकी बहीण योजनेच्या २०२५ मधील ई-केवायसीचे उदाहरण तर ताजेच आहे. स्वतःच्या आधार क्रमांकासोबत पती किंवा वडील यांचा आधार क्रमांक सक्तीचा करण्यात आला. ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत, ज्या घटस्फोटित आहेत, त्यांनी काय करावे याचा विचार रकाना आखताना झाला नाही. ओरड झाल्यावर पर्यायी व्यवस्था व मुदतवाढ द्यावी लागली. ज्या स्त्रियांना मदतीची गरज सर्वाधिक, त्यांनाच ताऱ्याने अडवले. आवाज उठला म्हणून दुरुस्ती झाली; लाभार्थी कोट्यवधी होते म्हणून आवाज उठला. घरकुलाचे अर्जदार विखुरलेले असतात. त्यांचा आवाज उठत नाही.

याउलट ग्रामीण आवास योजनेतील वगळण्याचे निकष पाहा. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातगणनेवर आधारलेल्या यादीत दुचाकी, शीतकपाट, दूरध्वनी असलेली कुटुंबे आपोआप वगळली जात. निकष कालबाह्य होते, पण ते लेखी होते. संसदेत, वृत्तपत्रांत, ग्रामसभांत त्यांवर टीका होऊ शकली आणि २०२४ मध्ये १३ निकषांचे १० झाले. वरील तीन गेले आणि मासिक उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार रुपये झाली. लेखी नियम वाईट असला तरी बदलता येतो, कारण तो कोठे आहे हे ठाऊक असते. संगणकात दडलेला नियम त्यापेक्षा घातक. त्याचा पत्ता अडकलेल्यालाच लागतो.

आक्षेप आणि उत्तरे

सक्तीचे रकाने सैल केले तर बोगस अर्जदार घुसतील, हा पहिला आक्षेप. बोगस अर्जदाराचे कागद सहसा चोख असतात. त्याचा व्यवसायच तो असतो. अडखळतो तो ज्याच्या आयुष्यात मृत्यू, स्थलांतर, पूर, घटस्फोट यांनी कागदांचा मेळ विसकटला आहे. तपासणी हवीच, पण ती अर्ज दाखल झाल्यानंतर, नाव-हुद्दा असलेल्या अधिकाऱ्याने करावी.

ऑनलाइन पद्धतीने दलाल हटले, हा दुसरा दावा. दलाल हटला नाही, त्याने जागा बदलली. पूर्वी तो कचेरीच्या आवारात चहाच्या टपरीवर बसे. आता तो संगणकापुढे बसतो. अर्ज जितका अवघड, तितकी त्याची फी अधिक.

प्रत्येक अपवादासाठी प्रणालीत सोय करणे खर्चाचे आहे, हा तिसरा. मान्य. म्हणूनच प्रत्येक अपवाद यंत्राने सोडवावा असे मी म्हणत नाही. अपवाद माणसाकडे पाठवण्याची वाट यंत्राने ठेवावी. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो निर्णय दिला तो येथे आठवावा. ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या व्यक्तीला ओळख पटवण्यासाठी पापण्यांची उघडझाप करून दाखवण्यास यंत्र सांगत होते. डिजिटल सेवा मिळणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि २० निर्देश दिले. पापणी मिटण्याची सक्ती हाही एक लाल ताराच होता.

काय करावे

सूचना पाचच आहेत आणि त्यांपैकी एकीलाही नवा कायदा लागत नाही.

१. घरकुलाच्या अर्जातील प्रत्येक सक्तीच्या रकान्यासमोर तो कोणत्या नियमाच्या वा शासन निर्णयाच्या कोणत्या कलमान्वये सक्तीचा आहे, हे दाखवावे. असे कलम नसेल तर तारा काढून टाकावा.

२. अर्जाचा मसुदा खुला करण्यापूर्वी त्यावर हरकती मागवाव्यात. त्या त्या जिल्ह्यातील महसूल व नगरपालिका कर्मचाऱ्यांना तो आधी भरून पाहू द्यावा. आडनाव नसलेला माणूस आणि देवाच्या जमिनीवरील घर ही कुंभकोणमला रोजची गोष्ट आहे. राजधानीतील कार्यालयात ती कोणाला सुचणार नाही.

३. प्रत्येक सक्तीच्या रकान्यात ‘माझी स्थिती यात बसत नाही’ असा पर्याय असावा. तो निवडला की अर्ज थांबू नये. तो नमूद अधिकाऱ्याकडे ठरावीक मुदतीत निर्णयासाठी जावा आणि अर्जदाराला क्रमांक असलेली पोच मिळावी.

४. शासनाच्याच एका खात्याने दिलेला दाखला दुसऱ्या खात्याने अर्जदाराकडून मागू नये. दोन कचेऱ्यांमधील टपाल वाहण्याचे काम गरिबाचे नव्हे.

५. किती अर्ज सुरू झाले, किती अर्धवट सुटले आणि कोणत्या रकान्यापाशी सुटले, याची आकडेवारी दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करावी. ही माहिती नोंदवण्यास यंत्राला कसलेही सायास पडत नाहीत. मंजूर घरांचा आकडा आपण अभिमानाने छापतो. दारापाशी परत गेलेल्यांचा आकडाही छापला पाहिजे.

यांतील पाचवी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एका जिल्ह्यात जमिनीच्या रकान्यापाशी हजारो अर्ज थांबत आहेत असे दिसले, तर दोष अर्जदारांत आहे की रकान्यात, हे विचारणे भाग पडेल. एखादा आमदार तो आकडा घेऊन सभागृहात प्रश्न विचारू शकेल. त्या प्रश्नावर तारा असेल आणि उत्तर मंत्र्याला द्यावे लागेल. ताऱ्याची योग्य जागा तीच आहे.